पक्षाघातानंतर झोपेत श्वास अडकतो का? घरच्यांसाठी पायरीपायरीने

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले होते. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, शब्द अडखळत होते, आणि व्यायामाला बसवलं की पंधराव्या मिनिटाला डोळे मिटायचे. फिजिओ म्हणायचे, "काका मनावर घेत नाहीत." आम्ही म्हणायचो, एवढ्या दुखण्यातून उठलेत, थकवा असणारच. आईचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "घोरण्याचं मला काही नाही, चाळीस वर्षं ऐकतेय. मध्येच घोरायचे थांबतात ना, तेव्हा मला जाग येते."

अख्खं निदान त्या वाक्यात होतं. ते डॉक्टरांच्या कानावर घालायला आम्हाला आणखी तीन आठवडे लागले, कारण घोरणं ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या घरी कुणी झटक्यातून सावरत असेल तर तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. झोपेत लावायचं श्वासाचं मशीन, त्याचा मास्क आणि बाबांचा राग या तिन्हींशी वर्षभर झटापट केलेला मुलगा आहे. औषधाचा आणि मशीनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी थोडं समजून घेऊ

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. काही जणांत श्वासाची वाट इतकी अरुंद होते की ती मिटूनच जाते. छाती आणि पोट जोर लावत राहतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, मोठा घुरका येतो आणि श्वास परत सुरू. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. याला अडथळ्याचा स्लीप ॲप्निया म्हणतात. दुसरा प्रकार मेंदूकडूनचा, डॉक्टर त्याला सेंट्रल म्हणतात. त्यात वाट मोकळी असते, पण श्वास घ्यायचा हुकूमच काही सेकंद सुटत नाही.

मेंदूला इजा झाली म्हणजे दुसराच प्रकार असणार असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात झटका आलेल्यांतही अडथळ्याचा प्रकारच कितीतरी जास्त सापडतो, आणि बऱ्याच जणांत तो झटक्याच्या आधीपासून असतो. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तर झटका आलेल्यांपैकी साधारण ७० टक्के लोकांत कमी-अधिक ॲप्निया दिसतो आणि ३० टक्क्यांच्या आसपास लोकांत तो तीव्र असतो. म्हणजे वॉर्डात दहा खाटा असतील तर सातांवर.

त्याने बिघडतं काय? प्रत्येक वेळी श्वास अडकून सुटताना रक्तदाब उसळतो. रात्री रक्तदाब जो खाली यायला हवा तो येत नाही, हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढते. २००५ साली अमेरिकेत हजारभर लोकांचा पाठपुरावा करून छापलेल्या एका अभ्यासात, ॲप्निया असलेल्यांना झटका येण्याचा किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट निघाला होता. आणि ज्याची झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांत तुटते, तो माणूस सकाळी नव्याने हात उचलायला शिकणार कसा?

पहिली पायरी: तीन रात्री जागून बघा

तपासणीच्या आधी हे करा. फुकट आहे आणि याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मोबाईल टेबलावर टेकवून ठेवा. चेहरा आणि पोट दोन्ही दिसले पाहिजेत, पांघरूण छातीखाली. रात्री एक-दोनच्या सुमाराला दहा मिनिटं आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला दहा मिनिटं चित्रण करा. पहाटेचं चुकवू नका, कारण स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, तेव्हा स्नायू आणखी सैलावतात आणि श्वास जास्त वेळ अडकतो.

आमच्या चित्रणातली एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा उताणे. घोरणं चढत चढत गेलं आणि कुणी बटण दाबल्यासारखं थांबलं. पोट वर-खाली होतंय, बनियनवर सुरकुत्या पडताहेत, पण नाकातोंडातून आवाज नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होतो. अकरा, बारा, पुढे वीस, सव्वीस. मग विहिरीच्या तळाहून वर आलेल्या माणसासारखा एक घुरका, डावा हात गादीवर आपटला, आणि घोरणं पुन्हा पहिल्यापासून.

वहीत एवढंच लिहा: किती सेकंद शांतता, त्या वेळी पोट हलत होतं की तेही थांबलं होतं, आणि माणूस उताणा होता की कुशीवर. दहा सेकंदांच्या वरची प्रत्येक शांतता मोजायची. पोट हलतंय पण हवा नाही, तर अडथळा असण्याची शक्यता जास्त. सगळंच थांबतंय तर मेंदूकडचा प्रकार असू शकतो. श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग हळूहळू लहान होत थांबतो, पुन्हा मोठा होत जातो, अशी लाट दिसली तर तेही शब्दांत लिहून ठेवा. डॉक्टरांना ते लगेच कळतं.

दिवसाच्या खुणाही त्याच वहीत. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणं, गोळ्या वेळेवर घेऊनही सकाळचा रक्तदाब चढा, दुपारी बसल्या जागी डुलकी, चिडचिड, कालचं आज न आठवणं. गंमत अशी की यातली प्रत्येक गोष्ट झटक्याच्या खात्यावर सहज टाकता येते, आणि आपण ती टाकतोच.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. पहिला, की हा जाड माणसांचा आजार. झटका आलेल्यांत अंगाने सडपातळ असूनही तीव्र ॲप्निया असलेली माणसं पुष्कळ असतात. दुसरा, की दिवसा झोप येत नसेल तर ॲप्निया नाही. दवाखान्यात एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी भरून घेतात, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही बघताना, गाडी सिग्नलला थांबल्यावर डुलकी लागते का, असं विचारून २४ पैकी गुण देतात, आणि १० च्या वर गेले तर झोप जास्त मानतात. आता जो माणूस दोन महिने घराबाहेर पडलेला नाही, ज्याला शब्द सापडत नाहीत, तो सिग्नलचं काय सांगणार? बाबांचे गुण ६ आले होते. पक्षाघाताच्या रुग्णांत या प्रश्नावल्या फारशा भरवशाच्या नाहीत, त्यामुळे कमी गुण बघून निर्धास्त होऊ नका.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये असेल. जागेपणी त्यावर ९७ दिसले तर झोपेबद्दल काहीही कळत नाही. रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर वेगळा मिळतो, तो डॉक्टर सांगतील तेव्हा.

दुसरी पायरी: कुणाकडे जायचं आणि काय बोलायचं

मेंदूच्या डॉक्टरांची पुढची तारीख असेलच. तिथे वेळ कमी मिळतो, म्हणून पहिलंच वाक्य ठरवून जा: "झोपेत यांचा श्वास थांबतो, आम्ही मोजलाय, चित्रण आहे." फक्त "घोरतात" म्हणालात तर हसण्यावारी जाईल. पुढे ते बहुधा छातीच्या डॉक्टरांकडे किंवा झोपेच्या आजारांचं बघणाऱ्यांकडे पाठवतात. तालुक्याच्या गावी झोपेचे वेगळे डॉक्टर नसतात, छातीचे डॉक्टरच हे काम करतात, आणि चांगलं करतात. नाक कायम चोंदलेलं असेल तर कान-नाक-घसावाल्यांना एकदा दाखवावं लागतं.

सगळेच डॉक्टर याबाबत उत्साही नसतात, त्याला कारण आहे. झटका पुन्हा येऊ नये यासाठीच्या अमेरिकेतल्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही तपासणीबद्दल जपून बोलतात: तपासणीचा विचार करता येईल. ॲप्निया निघाला तर दाबाच्या हवेचा उपचार (म्हणजे सीपॅप मशीन, ते पुढे येईल) लाभाचा ठरू शकतो, हे त्यातच लिहिलंय. तेव्हा डॉक्टरांशी हुज्जत नको, पण विषयही सोडू नका. चित्रण दाखवल्यावर आमच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली होती.

सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. झोपेच्या, चिंतेच्या आणि काही तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी घसा आणखी सैलावतो किंवा श्वास मंदावतो. त्या डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्या तर वेगळाच त्रास होतो. हृदयाचा टू-डी इको झाला असेल तर तो कागद हवाच. का, ते पुढे येईल.

तिसरी पायरी: तपासणीची रात्र

तपासणी दोन तऱ्हांची. लॅबमध्ये झोपायचं, डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना तारा लावून, आणि शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर बघत बसतो. किंवा घरी: नाकाशी बारीक नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला चिमटा. अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचना झटका येऊन गेलेल्यांसाठी लॅबचीच तपासणी बरी म्हणतात. पण अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला तीन तासांचा प्रवास करून परक्या पलंगावर झोपवणं म्हणजे काय, हे घरच्यांनाच ठाऊक, म्हणून अनेक डॉक्टर घरच्या तपासणीपासून सुरुवात करतात. हृदय कमजोर असेल, फुफ्फुसाचा जुना आजार असेल किंवा मेंदूकडच्या प्रकाराची शंका असेल तर मात्र लॅबचा आग्रह धरा.

झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ॲप्निया जास्त दिसतो आणि पुढे थोडा ओसरतो, विशेषतः मेंदूकडचा प्रकार. म्हणून रुग्णालयातच तपासणी झाली असेल तर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा करायला सांगू शकतात. पैसे उकळताहेत असं समजू नका.

त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा टाळा. रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नेहमीप्रमाणे चालू. लॅबमध्ये घरचं एक माणूस सोबत राहील असं आधी कबूल करून घ्या, लघवीचं भांडं न्या, आणि कुठली बाजू कमजोर आहे, अंथरुणावर कसं वळवायचं ते तंत्रज्ञाला करून दाखवा.

बोटाचा चिमटा कुठल्या हाताला, हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. लुळा हात सुजलेला किंवा थंड असेल तर आकडे चुकतात. चांगल्या हाताला लावला तर त्याच हाताने माणूस लघवीचं भांडं घेतो, पांघरूण ओढतो आणि चिमटा निघतो. आमची पहिली रात्र अशीच वाया गेली. दोन वाजता चिमटा गादीखाली, आणि निदान चार तासांची धड नोंद लागते, ती काही झाली नाही. दुसऱ्या रात्री हात सुजलेला नाही हे बघून तंत्रज्ञाने उजव्या बोटालाच लावला, वरून कागदी चिकटपट्टी.

चौथी पायरी: अहवालातले आकडे

पानंच्या पानं आलेख असतात. त्यातले पाच आकडे शोधा.

एएचआय हा मुख्य. तासाला सरासरी किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा खूप उथळ झाला, तो हा आकडा. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. बाबांचा ३४ होता. कागदावर लहान दिसतो, पण सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर वेळा गळा दाबून सोडल्यासारखं झालं.

मग बघा ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला आणि ९० च्या खाली किती मिनिटं राहिला. चौथा, अडथळ्याचे किती आणि मेंदूकडचे किती. पाचवा आकडा लोक वाचतच नाहीत: उताणं असताना किती, कुशीवर किती. आमचा उताणं ५२ आणि कुशीवर १५ होता. त्यातून निम्मा उपचार ठरला.

घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे जागेपणीचा वेळही झोपेत धरला जातो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. चित्रणात श्वास थांबताना दिसतोय आणि अहवाल म्हणतो काही नाही, तर लॅबमध्ये पुन्हा करावी लागेल का, हे विचाराच.

पाचवी पायरी: मशीन घेण्याआधी

मध्यम किंवा तीव्र अडथळ्याच्या ॲप्नियावर मुख्य उपचार म्हणजे सीपॅप मशीन. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. ती खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत ढकलते आणि त्या हवेच्या टेकूने घसा उघडा राहतो. हे ऑक्सिजनचं मशीन नव्हे. कोविडमधला कॉन्सन्ट्रेटर घरात आहे म्हणून तोच लावणारे मी पाहिलेत. मिटलेल्या घशातून ऑक्सिजन तरी कसा जाणार? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो लावू नका.

दुकानात तुम्हाला ठरावीक दाबाचं, स्वतः दाब बदलणारं, बायपॅप अशी नावं ऐकवतील. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच घ्या. एएसव्ही नावाचा एक महाग प्रकार मेंदूकडच्या ॲप्नियासाठी असतो. ज्यांच्या हृदयाची पंप करण्याची क्षमता ४५ टक्के किंवा कमी आहे अशा रुग्णांत त्याने हृदयविकाराचे मृत्यू वाढले, असं २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. टू-डी इकोचा कागद म्हणूनच लागतो. "हे वरचं मॉडेल घ्या" या सल्ल्यावर जाऊ नका.

एक कटू गोष्ट. मशीन लावलं की दुसरा झटका येणार नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. २०१६ साली छापलेल्या एका चाचणीत आधीच हृदयविकार किंवा झटका असलेले २,७१७ लोक होते, सात देशांतले, त्यात भारतही. सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोप, घोरणं आणि मनाची उभारी यांत मात्र फरक पडला. त्या चाचणीत लोक मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. मी त्यातून एवढंच घेतलं: बाबांना सकाळी व्यायामाला जाग राहावी म्हणून मशीन, आणि झटका टाळायला रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर आणि तंबाखू सोडणं हे सगळं जसंच्या तसं.

मास्क निवडताना एकच परीक्षा घ्या: चांगल्या एका हाताने, अंधारात, रुग्णाला तो स्वतः काढता येतो का? नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घातलाय, काढता येत नाही आणि उलटी झाली, तर ती थेट श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गिळायला त्रास असेल, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब असेल, गुंगी असेल, वारंवार उलट्या होत असतील तर मशीन लावायचं का आणि कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. जमत असेल तर फक्त नाकाचा मास्क बरा. तोंड वाकडं झाल्यामुळे ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटत असेल तर मोठ्या मास्कला पर्याय उरत नाही, पण मग शेजारी झोपणारं माणूस हवं.

चुंबकाच्या क्लिपांचे मास्क एका हाताला फार सोपे पडतात. पण पेसमेकर असेल, मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप लावलेली असेल किंवा डोक्यात शंट (मेंदूतलं पाणी वाहून नेणारी नळी) असेल तर ते वापरू नयेत, असा इशारा मास्कच्या कंपन्यांनीच दिलेला आहे. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असला तरी हेच लागू.

लगेच विकत घेऊ नका. महिनाभर भाड्याने मिळतं, दोन-तीन मास्क बदलून बघता येतात. जुनं कुणाकडून घेत असाल तर मॉडेलचा नंबर तपासा. २०२१ मध्ये आतला फोम झिजतो म्हणून लाखो मशीन परत मागवली गेली होती. आरोग्यविम्यात ते बसेल असं गृहीत धरू नका, कंपनीला आधी लेखी विचारा.

सहावी पायरी: पहिला महिना

खरं काम इथे आहे. बाबांनी पहिल्या रात्री चाळीस मिनिटांत मास्क भिरकावला. दुसऱ्या रात्री तासभर. तिसऱ्या रात्री हातच लावू दिला नाही.

मग आम्ही रात्र सोडून दिली आणि दुपार धरली. क्रिकेट बघताना खुर्चीत बसून नुसता मास्क, नळी नाही, वीस मिनिटं. दोन दिवसांनी नळी जोडून, मशीन चालू करून, दाब कमीत कमी ठेवून. रॅम्प नावाची सोय असते, तिने दाब हळूहळू चढतो. "हे घालून झोपायचंय" हा शब्दच काढायचा नाही. आठव्या दिवशी ते दुपारी मास्कसकट झोपले, दीड तास. त्या रात्री चार.

डाव्या बाजूच्या पट्ट्याला आईने लाल लोकरीची गाठ मारली, अंधारात बोटाला लागेल अशी. ओढली की मास्क सुटतो. आपल्या हातात सुटका आहे हे कळलं तेव्हा त्यांची भीती निम्मी झाली. ज्यांची वाचा गेलीये त्यांच्यासाठी खुणा ठरवा: एक थाप म्हणजे पाणी, दोन थापा म्हणजे काढ.

रोज सकाळी चेहरा नीट बघा, कमजोर बाजू जास्त नीट. संवेदना कमी असल्याने नाकाच्या दांड्यावर चट्टा पडून जखम झाली तरी त्यांना कळणार नाही. डोळा पूर्ण मिटत नसेल तर मास्कमधून सुटलेली हवा त्यावर लागून बुबुळ कोरडं पडतं. पट्टे जास्त आवळून हे थांबत नाही, उलट वाढतं. मास्कचा आकार बदला. मिशी दाट असेल तर हवा सुटते. बाबांनी मिशीबाबत ठाम नकार दिला, म्हणून आम्ही नाकपुड्यांत बसणारा, लहान उशीसारखा मास्क घेतला. झोपण्याआधी तोंडाला तेल किंवा क्रीम नको, मास्क घसरतो.

ओलाव्याच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी, मेडिकलमधलं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नको. सकाळी उरलेलं ओतून टाकी कोरडी करा. मास्कची गादी रोज साध्या साबणाने, नळी आठवड्याला, आणि फिल्टर धुळीप्रमाणे.

दर आठवड्याला मशीनवरची नोंद बघा: किती तास, किती गळती, आणि मशीन लावून उरलेला एएचआय. तो ५ च्या खाली असेल तर छान. चार तास, दहापैकी सात रात्री, एवढं झालं की वापर पुरेसा म्हणायची पद्धत आहे. ती हिशोबाची रेघ आहे. झोप सात तासांची असेल तर सात तास लावा. पहाटे मास्क काढून ठेवायची सवय सगळ्यांत वाईट, कारण पहाटेच श्वास सर्वांत जास्त अडकतो.

मशीनसोबत, किंवा मशीन जमलंच नाही तर

कुशीवर झोपवा. पाठीशी लोड, पुढे उशी मिठीत. लुळ्या बाजूच्या कुशीवर झोपवायला हरकत नसते, पण खांदा अंगाखाली दाबला जाऊ नये. तो पुढे कसा ओढून ठेवायचा ते फिजिओकडून एकदा हाताने शिकून घ्या. बनियनच्या पाठीला चेंडू शिवायचा उपाय धडधाकट माणसासाठी आहे. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याच्या पाठीत चेंडू म्हणजे जखमेला आमंत्रण. डोक्याकडची बाजू उंच ठेवल्यानेही काहींना बरं पडतं.

रात्रीची दारू पूर्ण बंद. खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी दातांचे डॉक्टर बनवतात, पण स्वतःचे भक्कम दात हवेत. कवळीवाल्यांना जमत नाही. प्राणायाम करत असतील तर करू द्या, त्याच्या भरवशावर मशीन मात्र काढू नका.

थांबायचं नाही अशी वेळ

तोंड अचानक वाकडं होणं, हात गळणं, बोलणं जाणं, तोल जाणं यातलं काहीही नव्याने दिसलं तर त्याचा दोष झोपेला देऊ नका. १०८ ला फोन करा आणि शेवटचं धड कधी पाहिलं ती वेळ सांगा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि तो हिशोब याच वेळेपासून धरतात. हलवूनही जाग येत नाही, ओठ निळे पडलेत, तरीही तेच. मशीन लागू पडल्यावर काहींचा रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून पहिल्या महिन्यात रोज मोजून वहीत लिहा आणि गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांना ठरवू द्या.

वीज गेली तर

आमच्याकडे भारनियमन आहे, आणि हा प्रश्न पहिल्याच दिवशी आईने विचारला. मोठ्या मास्कला एक झडप असते, वीज गेली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये माणूस तोंडाने श्वास घेतो. तरी मास्क काढून ठेवलेलाच बरा. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. सर्वांत जास्त वीज खातो तो पाणी गरम करणारा हीटर, तो बंद ठेवला तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते. किती तास चालेल ते दिवसा एकदा चालवून मोजून ठेवा.

आमच्या घरी गजर लावावा लागत नाही. मशीनचा सूं आवाज थांबला की आई उठते, बाबांना कुशीवर वळवते, लाल गाठ ओढून मास्क काढते, आणि मग मला हाक मारते.